चंपक्का आणि परातीतली हृदयं

रविवार, १४ ऑगस्ट १९९४. रक्कम सत्तावीस रुपये. बोकडाची हृदयं तीन, नगास नऊ. हजर: डॉ. चंपाबाई अथणीकर, माझी पत्नी सुमन, माझी भाची मंजू आणि मी. शिवाय, बोलावलेलं नसताना, आमचे घरमालक शिवण्णा, जे उभ्या जन्मात अंड्यालाही शिवले नव्हते. स्थळ: बेंगळूरच्या बनशंकरीतल्या त्यांच्याच घराची गच्ची.

शिवण्णा वर आले ते कावळ्यांमुळे. त्यांच्या गच्चीवर एकाएकी एवढे कावळे का जमले, म्हणून काठी घेऊन चढले. पाहतात तर सुमनची पितळी परात, परातीत तीन हृदयं, आणि परातीशी मांडी घालून बसलेल्या, गल्लीतल्या सर्वांत आदरणीय बाई. त्यांच्या हातात विणायची सुई, आणि ती एका हृदयातून आरपार गेलेली.

“अक्का!” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“या की शिवण्णा,” चंपक्का मान वर न करता म्हणाल्या. “बरं झालं आलात. उन्हाच्या आड उभं राहू नका, अंधार पडतोय माझ्या कर्णिकेच्या कप्प्यात.”

शिवण्णा खरोखरच सरकून उभे राहिले. चंपक्कांचं असंच असे. माणूस रागवायला आलेला असायचा, आणि राग काढण्याआधी त्याला एखादं काम मिळालेलं असायचं.

त्यांना सगळी गल्ली चंपक्का म्हणायची. मूळच्या अथणीकडच्या. घरात मराठी, अंगणात कन्नड, आणि शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवल्यामुळे राग आला की इंग्रजी. लग्न केलं नाही. “वेळ कुठं मिळाला?” असं म्हणायच्या, जणू ते राहून गेलेलं बाजारातलं काम होतं. उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि अंबाड्यात खोचलेली ती विणायची सुई. त्या सुईनं मी त्यांना कधीही विणताना पाहिलं नाही. सुई दाखवायला, टोचायला, कुणाच्या पाठीत ढोसून ताठ बसवायला आणि उन्हाळ्यात स्वतःची पाठ खाजवायला होती.

आमची त्यांची पहिली भेट सांगतो. मी एका कारखान्यात हिशेबनीस, पगार वाटणारा; आम्ही मिरजेहून बदलीवर आलो, शिवण्णांच्या तळमजल्यावर सामान उतरवत होतो. तीन घरं पलीकडून त्या कढीपत्त्याची जुडी घेऊन आल्या. जुडी सुमनच्या हातात दिली, मला म्हणाल्या, “या इकडे.” मी गेलो. त्यांनी माझ्या गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवलं, तिथून छातीच्या हाडावरून बोट खाली सरकवलं, एका उंचवट्यावर थांबल्या. “ही दुसरी बरगडी. इथून मोजायचं. पहिली शोधत बसू नये, ती लपलेली असते.” मग भराभर खाली मोजत डाव्या बाजूला एका जागी बोट टेकवून क्षणभर थांबल्या.

“आहे. जागेवर आहे. वाढलेलं नाही. सरी,” असं कन्नडमध्ये ‘ठीक’ म्हणून निघून गेल्या.

“कोण हो ह्या?” सुमननं विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “पण मी ठीक आहे म्हणाल्या.”

बरगड्या मोजायची त्यांना सवयच होती. दूधवाला, पोस्टमन, गॅसची टाकी आणणारा, कुणीही सुटला नव्हता. गॅसवाला सडपातळ होता, तो त्यांचा लाडका. “याच्यावर बघून मोजता येतात, हात लावायलाही नको,” असं कौतुकानं सांगायच्या. तो बिचारा शर्टाची बटणं लावून टाकी उतरवायचा.

दुसरी सवय म्हणजे सिनेमातल्या नायकांशी भांडण. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे टीव्हीवर सिनेमा बघायला यायच्या. नायक छातीच्या डाव्या कडेला, अगदी काखेजवळ हात मारून ‘हे हृदय तुझं आहे’ असं काहीतरी म्हणाला की चंपक्का उसळायच्या. “अरे गाढवा, ते फुप्फुस आहे! फुप्फुस दिलंस तिला!” मग आमच्याकडे वळून, “हृदय मध्ये असतं. एक तृतीयांश उजवीकडे, दोन तृतीयांश डावीकडे. एवढं साधं ते.” त्यानंतर नायिका रडली तरी आमच्या घरात कुणाला वाईट वाटत नसे. तिला फुप्फुस मिळालं होतं.

भेटकार्डावरच्या लाल बदामाचा तर त्यांना मनापासून तिटकारा. “हे विड्याचं पान आहे,” म्हणायच्या. “चुना लावा, खा, आणि विषय संपवा.”

आता मंजू. ती माझ्या कऱ्हाडच्या बहिणीची मुलगी. बेंगळूरच्या एका खासगी महाविद्यालयात डॉक्टरीला प्रवेश मिळाला आणि ती आमच्याकडे राहायला आली. हुशार मुलगी. पाठांतर असं की पुस्तकाचं पान डोळ्यांसमोर धरून वाचल्यासारखं म्हणायची. आणि तरीही पहिल्या परीक्षेत ती शरीररचनाशास्त्रात नापास झाली. लेखीत बरे गुण होते. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिच्या हातात हृदय दिलं आणि वर काय, खाली काय, तेच तिला कळेना. तिथे ती पाच मिनिटं हृदय धरून उभी होती, म्हणाली, गरम बटाटा धरल्यासारखी.

फेरपरीक्षा ऑक्टोबरात होती. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, कऱ्हाडला भांड्यांचं दुकान चालवायचे. मंजूनं कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, “आणखी एकदा बघू. नाही जमलं तर मी येऊन घेऊन जातो. बी.एस्सी. कर, काय वाईट आहे?” दाजी दुष्ट नव्हते. पोरगी झुरतेय हे त्यांना बघवत नव्हतं. पण मंजूला चौथीपासून डॉक्टर व्हायचं होतं. फोन ठेवल्यावर ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमननं तिला हाताला धरून चंपक्कांच्या दारात नेऊन उभं केलं.

चंपक्कांनी तिला हृदयाबद्दल विचारलं. मंजूनं डोळे मिटून इंग्रजीत दीड पान म्हणून दाखवलं. चंपक्का शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “छान. आता हे पोपटाला शिकवूया, तू हो बाजूला.” मंजूच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा त्यांनी तिची मूठ मिटवली, आपल्या दोन्ही तळहातांत धरली आणि म्हणाल्या, “पोरी, एवढंच असतं ते. तुझ्या मुठीएवढं. घाबरायचं काय त्यात? आधी हात लाव, नाव मग.”

आधी हात लाव, नाव मग. हे वाक्य पुढचे दोन महिने आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं की सुमन भाजीवाल्यालाही तेच सांगू लागली.

सत्तावीस रुपयांच्या खरेदीला चंपक्कांबरोबर मी गेलो होतो. गेलो म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, भाजी घ्यायला आलोय असा चेहरा करून उभा राहिलो. चंपक्का स्टीलचा डबा घेऊन थेट मटणाच्या दुकानात. “वरच्या नळ्या चार बोटं ठेवायच्या. बाहेरची पिशवी फाडायची नाही,” हे त्या दुकानदाराला हिंदीत, कन्नडमध्ये आणि शेवटी हातवाऱ्यांनी समजावत होत्या.

“ये नल्याँ कौन खाते अम्मा?” तो म्हणाला.

“खाने को नहीं रे. पढ़ने को.”

“पढ़ने को?” त्यानं सुरा खाली ठेवला. “बकरा तो अनपढ़ था अम्मा!”

चंपक्का इतक्या हसल्या की डबा खाली ठेवावा लागला. पुढे दर रविवारी तो त्यांच्यासाठी निवडून ठेवू लागला आणि देताना म्हणायचा, “आज का अच्छा पढ़ेला है.”

गच्चीवरच्या त्या पहिल्या दिवशी त्यांनी हृदयाला हात लावण्याआधी एक फुगा आणला. अर्धवट फुगवून मंजूला म्हणाल्या, “आता यात मूठ खुपस.” मंजूनं खुपसली. फुगा मुठीभोवती दुहेरी झाला. एक पदर मुठीला चिकटून, दुसरा बाहेर, मध्ये थोडी हवा. “हे हृदयाचं आवरण. हृदय पिशवीत ठेवलेलं नसतं, पिशवीत खुपसलेलं असतं. फरक कळला?” मंजू त्या मुठीकडे बघतच राहिली. हे तिनं दोन पानं पाठ केलं होतं, आणि ते असं असतं हे तिला आत्ता कळत होतं.

मग हृदय. “सगळे पत्त्यातल्या बदामासारखं उभं धरतात. हे उभं नसतं गं, आडवं पडलेलं असतं, कुशीवर. उजवा भाग पुढे, डावा मागे. टोक खाली, पुढे आणि डावीकडे. आपल्या छातीशी धर. तुझ्याच छातीत बसवायचंय असं समज.” मंजूनं धरलं. चंपक्कांनी सुईनं ते थोडं वळवलं. “आता त्याला वाटतंय बघा, घरी आल्यासारखं,” त्या हृदयाबद्दल म्हणाल्या.

शिवण्णा पाण्याच्या टाकीशी उभे राहून नाकाला पंचा लावून बघत होते. जात मात्र नव्हते.

“अक्का,” त्यांनी लांबूनच विचारलं. सोलापूरच्या गिरणीत आठ वर्षं काढल्यामुळे त्यांना मराठी येत होतं. “त्याच्या आत दोरे कसले आहेत?”

“झडपांचे. छत्रीच्या काड्यांसारखे धरून ठेवतात, झडप उलटी होऊ नये म्हणून.”

“आमच्याही आत आहेत?”

“तुमच्या आत जास्त मजबूत असतील. इतके भाडेकरू आले, पण छत्री एकदाही उलटू दिली नाहीत.”

शिवण्णांनी विचार केला. मग पंचा नाकावरून खाली आला. त्या दिवशी त्यांनी एकच अट घातली: श्रावण संपेपर्यंत गच्ची नको, चंपक्कांचं मागचं अंगण वापरा. श्रावण संपला त्या रविवारी तेच परात घेऊन जिना चढताना दिसले. परात आता कायमची त्या कामाला गेली होती. सुमननं तिच्या कडेवर लाल रंगानं मोठी फुली मारली होती आणि फुली दिसते ना, हे दिवसातून दोनदा तपासायची.

सप्टेंबरात दाजी आले. बघून जातो म्हणाले, पण बॅग मोठी आणली होती. दोघांचे कपडे बसतील अशी. मी कारखान्यात होतो. त्यांनी स्टेशनवरून चंपक्कांकडे फोन केला, कारण आमच्याकडे फोन नव्हता. चंपक्कांनी पत्ता सांगितला: “देवळापाशी उतरा. देवळाच्या उजव्या हाताचा रस्ता घ्या, मग पिंपळाच्या डाव्या हाताला वळा, की आलंच घर.”

यात अडचण होती. शरीररचनेत उजवं-डावं म्हणजे बघणाऱ्याचं नव्हे, समोरच्या देहाचं. समोर जो झोपलाय त्याचा उजवा हात तो उजवा, मग तो तुमच्या डावीकडे का असेना. चंपक्का तीस वर्षं हे शिकवत होत्या, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी तो नियम देवळांना, झाडांना आणि सरकारी इमारतींना लागू केला. आम्ही गल्लीतली माणसं त्यांचा पत्ता ऐकला की मनातल्या मनात उलटा करून घ्यायचो. दाजींना हे कोण सांगणार?

ते देवळासमोर उभे राहिले, आपल्या उजव्या हाताला वळले, आपल्या डाव्या हाताला वळले, आणि खांद्यावर बॅग, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन सव्वा तास फिरले. मी घरी पोचलो तेव्हा दाजी चंपक्कांच्या ओट्यावर घामाघूम होऊन बसले होते आणि समोर त्या ताक घेऊन उभ्या होत्या.

“उजवीकडे म्हणालात तुम्ही!” दाजी म्हणत होते.

“होय की. देवळाच्या उजवीकडे.”

“मग मी उजवीकडेच गेलो!”

“तुमच्या. देवळाच्या नव्हे. बरं, माझा उजवा हात कुठला? दाखवा.”

दाजींनी बरोबर दाखवला.

“बघा! माझा कळला. मला उजवा हात आहे, मग देवळानं काय पाप केलंय?”

दाजींनी ताक खाली ठेवलं. ते भांड्यांचे व्यापारी, आयुष्यात कुणाला एक पैसा सोडला नाही, पण इथे त्यांनी कपाळाचा घाम पुसला. ते माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. तेवढ्यात मंजू आतून आली, हाताला पीठ. सुमनकडच्या कणकेचा गोळा घेऊन तिनं अख्खं हृदय घडवलं होतं, शेवयांच्या रक्तवाहिन्या लावून. वडिलांना बघून घाबरली. बॅगेकडे तिचं लक्ष गेलं.

“काय हे?” दाजींनी विचारलं.

मंजूनं गोळा छातीशी धरला आणि वळवला. आणि बोलायला लागली. मराठीत. हा पुढचा कप्पा, यात अशुद्ध रक्त येतं, आतून फणीच्या दातांसारखा; ही महाधमनी, इथून वर जाते, कमान करते; हृदय सगळ्या अंगाला रक्त वाटतं, पण महाधमनीच्या पहिल्या दोन फांद्या स्वतःसाठीच ठेवतं.

“तुमच्या मेहुण्यांच्या खात्यासारखं,” चंपक्का मध्येच म्हणाल्या. “पगार वाटायच्या आधी पहिला स्वतःचा.”

दाजी हसले नाहीत. ते कणकेकडे बघत होते. दहा मिनिटं पोरगी अडखळली नव्हती. मग त्यांनी लाडवांचा डबा चंपक्कांच्या पुढे केला. “बाई, ऑक्टोबरात तरी पास होईल का ही?”

“ते मला माहीत नाही,” चंपक्का म्हणाल्या. “तिच्या हातांना सगळं येतं. तोंडाचं काम अजून स्वल्प बाकी आहे.”

दाजी दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन एकटेच परत गेले. जाताना मला म्हणाले, “ऑक्टोबर. त्यानंतर मात्र मी ऐकणार नाही.”

तोंडाच्या कामासाठी चंपक्कांनी जी युक्ती काढली ती आठवली की अजून मला जेवताना ठसका लागतो. त्यांनी आम्हालाच परीक्षक नेमलं. गच्चीवर चटई, चटईवर टेबल, टेबलावर परात. तीन परीक्षक: सुमन, मी आणि शिवण्णा. प्रत्येकाला त्यांनी आठवडाभर शिकवणी देऊन एकेक प्रश्न आणि त्याचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. “मंजूला माणसांची भीती वाटते, हृदयाची नाही,” हा त्यांचा निष्कर्ष. “म्हणून जितके विचित्र परीक्षक तितकं बरं.”

शिवण्णा लग्नातला कोट घालून आले. बाहेरगावचे परीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती, त्यामुळे ते आपल्याच घराचा जिना चढून आल्यावर “प्रवास बरा झाला” असं म्हणाले. त्यांचा प्रश्न आवाजाच्या नसेचा होता. घशाला जाणारी डावी नस सरळ घशाला जात नाही. ती खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर जाते. हे चंपक्कांनी त्यांना असं समजावलं होतं: “बनशंकरीहून जयनगरला जायचंय. जवळ आहे. पण बस मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडला वळसा घालून येते. तसं.” शिवण्णांना हे इतकं पटलं होतं की आठवडाभर ते बस थांब्यावरच्या लोकांना सांगत होते.

सुमननं झडपा विचारल्या. मंजूनं नीट सांगितल्या. मी हृदयाचा रक्तपुरवठा विचारला. सांगितला. मग शिवण्णांनी घसा खाकरला.

“नाव? गाव? वडील काय करतात?”

“शिवण्णा, प्रश्न विचारा,” चंपक्का म्हणाल्या.

“विचारतोय की. आवाजाची डावी नस कुठून जाते?”

मंजूनं इंग्रजीत, नावांसकट, बिनचूक सांगितलं.

“चूक,” शिवण्णा म्हणाले.

“अहो, बरोबर आहे ते!” मी म्हणालो.

“मॅजेस्टिक कुठे आलं त्यात? मॅजेस्टिकशिवाय उत्तर पुरं नाही. शून्य.”

“शून्य कसं? निदान अर्धे तरी द्या,” सुमन म्हणाली.

“तुमच्या झडपांना तुम्ही द्या. माझ्या नसेला मी देणार.”

आम्ही तिघे परीक्षक असे भांडायला लागलो की शेजारच्या गच्चीवरची माणसं कठड्याशी आली. शिवण्णांनी कोटाच्या खिशातून पेन काढून टेबलावर आपटलं. मंजू आधी ओठ दाबून बसली होती. मग तिला हसू फुटलं, ते थांबेना; परातीवर वाकून, पोट धरून हसत होती. मे महिन्यापासून ती पोरगी अशी हसली नव्हती. हसता हसताच म्हणाली, “व्हाया मॅजेस्टिक, सर!”

“पास,” शिवण्णा म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी मी रजा काढून तिला घेऊन गेलो. चंपक्काही आल्या. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर झाडाखाली दगडी कट्टा होता, तिथे बसल्या. अंबाड्यातली सुई काढायच्या, पुन्हा खोचायच्या. हजारो मुलांची परीक्षा घेतलेली बाई, पण फाटकाच्या या बाजूला बसायची त्यांना सवय नव्हती.

मंजू आली ती रडतच.

“काय झालं? हृदय दिलं का?” चंपक्का उठल्याच.

“दिलं. उलटं करून दिलं मुद्दाम. मी वळवून छातीशी धरलं.”

“मग?”

“धमन्यांच्या मागून बोट घालायला सांगितलं. घातलं. पुढे काय, मागे काय, तेही सांगितलं.”

“मग रडतेस कशाला?”

“मग सर म्हणाले, हृदयाचं टोक छातीवर कुठे येतं ते दाखव.” मंजूनं ओढणीनं डोळे पुसले. “कोपऱ्यात सांगाडा उभा होता, अक्का. त्याच्यावर दाखवायचं होतं. मला तो दिसलाच नाही.”

“मग कुणावर दाखवलंस?”

“सरांवर.”

चंपक्का कट्ट्यावर बसल्या.

“टेबलावरून वाकले. त्यांचा टाय बाजूला केला. खळगीत बोट ठेवलं, दुसरी बरगडी धरली आणि मोजत खाली गेले. सगळे बघत होते. पाचव्या बरगडीखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे, सर.”

“आणि ते?”

“त्यांनी टाय सरळ केला. दुसऱ्या सरांकडे बघितलं. म्हणाले, जा आता.” तिला पुन्हा हुंदका आला. “मी परीक्षकांना हात लावला, अक्का! संपलं सगळं. बाबा येतील आता.”

चंपक्का गंभीर होत्या. अगदी डॉक्टरी गंभीर. “एक सांग. बोटाला ठोका लागला?”

“लागला.”

“बरोबर जागेवर?”

“बरोबर. जोरात लागत होता.”

“लागणारच,” चंपक्का म्हणाल्या. “घाबरला असेल बिचारा.” आणि त्यांचा बांध फुटला. तोंडावर पदर, डोळ्यांतून पाणी, सुई पडलेली, आणि ती ताडमाड बाई कट्ट्यावर डावी-उजवीकडे डोलत हसते आहे. फाटकावरचा पहारेकरी धावत आला, कुणाला बरं नाही का विचारायला. “सगळ्यांचं जागेवर आहे,” त्या कशाबशा म्हणाल्या. मंजू रडत होती ती हसायला लागली. मीही. आम्हा तिघांना फाटकापासून बस थांब्यापर्यंत यायला किती वेळ लागला ते, मी हिशेबनीस असूनही, मोजलेलं नाही.

निकालाला पाच आठवडे लागले. त्या काळात हसू कमी कमी होत गेलं. दाजींचा दर रविवारी चंपक्कांकडे फोन. मंजू सांगाड्याबद्दल झोपेत बोलायची. चंपक्का बाहेरून बिनधास्त, पण गॅसवाला दोनदा येऊन गेला आणि त्याच्या बरगड्या कुणी मोजल्या नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यादी लागली. फलकासमोर गर्दी. मंजू पुढे जाईना. चंपक्का गर्दीत घुसल्या, उंचीचा फायदा घेऊन यादीवर सुई फिरवत खाली गेल्या, आणि एका जागी सुई टेकवून उभ्याच राहिल्या. मागचे ओरडायला लागले तरी हलेनात. मग वळल्या आणि गर्दीच्या डोक्यावरून मोठ्यानं म्हणाल्या, “पास. तोंडीला वीसपैकी सतरा!”

मी पुन्हा जाऊन आकडा तपासला. सतराच होते.

फाटकाबाहेर एक फुलवाली बसली होती. चंपक्का थेट तिच्यापुढे उभ्या राहिल्या. बेंगळुरात गजरा हातानं मोजून विकतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. फुलवालीनं पहिला मोळ मोजला तशी चंपक्कांनी तिचा हात धरला.

“तुझा हात आखूड आहे. माझ्या हातानं मोज.”

“अम्मा, तुमच्या हातानं मोजलं तर माझी पोरं उपाशी राहतील.”

“बरं, मग तुझ्याच हातानं. पण चार.”

एक मंजूच्या केसांत माळला. एक सुमनसाठी, एक शिवण्णांच्या बायकोसाठी, पानात बांधून माझ्या हातात दिले. चौथा त्यांनी हातातच ठेवला. इतक्या वर्षांत त्यांच्या अंबाड्यात मी सुईशिवाय काही पाहिलं नव्हतं.

“फॉर्मॅलिनच्या वासात तीस वर्षं मोगरा कोण माळणार?” त्या कुणाला तरी सांगावं तसं म्हणाल्या. सुई काढून मंजूच्या हातात दिली. “ठेव तुला.” मग मागे हात नेऊन गजरा अंबाड्यावर गुंडाळू लागल्या. माणसाच्या छातीतली सर्वांत बारीक नस न बघता शोधणारी बोटं, पण हे काम त्यांना जमेना. गजरा एका बाजूला लोंबत राहिला. मंजू नीट करायला पुढे झाली तर म्हणाल्या, “असू दे की.” आणि सव्वीस नंबरच्या बसकडे चालू लागल्या, ताठ मानेनं, गजरा पाठीवर हलतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी कामानिमित्त पंधरवड्यासाठी मिरजेला गेलो. परत आलो तेव्हा धारवाडचे त्यांचे धाकटे भाऊ येऊन, आता या वयात एकटी राहू नकोस म्हणत, त्यांना कायमचं घेऊन गेले होते. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

त्या दिवशीच्या चार मोळांचे बारा रुपये झाले. मी पाकीट काढलं होतं, पण दिले चंपक्कांनी. फुलवालीला पंधरा, आणि तीन परत घेतले नाहीत.